नीकोला गाता येत नव्हतं का? एका पेटीवादकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी चार वर्षं साड्या आणि दागिन्यांच्या जाहिरातींसाठी मॉडेलिंग करते. वर्षभरापासून मित्रांच्या रॉक बँडमध्ये गाते. आवाज जाड आहे, खालचा आहे. चेहऱ्यासाठी घेतलंय, असं लोक माझ्यादेखत म्हणतात. एकानं नीको नावाच्या जर्मन मॉडेलचा दाखला दिला. तीही गायला लागली होती आणि तिलाही गाता येत नव्हतं, असं तो म्हणाला. हे खरं आहे का? आणि माझ्या आवाजाचं मी काय करू?"

मी पेटीवादक आहे. बत्तीस वर्षं साथ करतो, शिकवतो आणि जुन्या पेट्यांचे सूर काढून, घासून पुन्हा बसवतो. रॉकशी माझा फारसा संबंध नव्हता. नीको माझ्यापर्यंत आली ती पेटीमुळेच. पंधराएक वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं मला 'द मार्बल इंडेक्स' हा अल्बम ऐकवला आणि विचारलं, "सर, मागे वाजतंय ते काय आहे?" ऐकताक्षणी ओळखलं. पायानं भाता मारायची पेटी, आपल्याकडे जिला पायपेटी म्हणतात ती. एक सूर धरून ठेवलेला, त्यावर उजव्या हाताची चार-पाच सुरांची फिरत, आणि त्यावर एक बाई इतक्या खालच्या पट्टीत गात होती की मी सरसावून बसलो. तेव्हापासून तिचं जे मिळेल ते मी ऐकलंय.

आधी सरळ उत्तर. नीकोला गाता येत होतं. तिचा सूर काही ठिकाणी उतरतो, हेही खरं. पण तो कुठं उतरतो आणि कुठं दगडी खांबासारखा उभा राहतो, हे नीट ऐकलं तर तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यातच सापडतं.

तिचं खरं नाव क्रिस्टा पेफगेन. जन्म कोलोनचा, 16 ऑक्टोबर 1938. वडिलांचं घराणं तिथलं प्रसिद्ध बिअर बनवणारं. वडील युद्धात वारले. युद्धाच्या काळात आई तिला घेऊन बर्लिनच्या दक्षिणेला ल्युबनाऊ या छोट्या गावी राहिली आणि नंतर मायलेकी बर्लिनला आल्या, म्हणजे ढिगाऱ्यातच आल्या. आई शिवणकाम करायची. मुलीची शाळा लवकर सुटली आणि कोवळ्या वयात ती कपडे दाखवायच्या कामाला लागली. हर्बर्ट टोबियास या छायाचित्रकारानं तिला 'नीको' म्हणायला सुरुवात केली. ते नाव त्याच्या मनातल्या एका पुरुषाचं होतं, निकोस पापाताकिस या चित्रपटकर्त्याचं. तिनं ते घेतलं आणि मरेपर्यंत तेच वापरलं.

पुढे पॅरिस, आणि 'व्होग', 'एल' ही फॅशनची मासिकं. जर्मनबरोबर फ्रेंच, इटालियन, इंग्रजी ती काम करता करता शिकली. 1960 साली फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'ला दोल्चे व्हिता' या चित्रपटात ती दिसते, आणि तिथंही नीको म्हणूनच. न्यूयॉर्कला ली स्ट्रासबर्गच्या वर्गात अभिनय शिकली. 1962 साली बिल इव्हान्स या मोठ्या जॅझ पियानोवादकाचा 'मून बीम्स' हा अल्बम आला, त्याच्या वेष्टनावर चेहरा नीकोचा आहे. आतल्या संगीतात तिचा एक सूरही नाही. तो अल्बम मी खास मागवून घेतला होता, आणि ते वेष्टन हातात घेतल्यावर मला वाईट वाटलं. पुढे सहा वर्षांनी या बाईकडून काय बाहेर येणार आहे, हे तो फोटो काढताना कोणालाही माहीत नव्हतं.

त्याच वर्षी तिला मुलगा झाला. तिनं सांगितलेल्या पित्यानं, म्हणजे अलँ दलाँ या नटानं, पितृत्व मान्य केलं नाही. पण मुलाला वाढवलं ते दलाँच्याच आईनं. नीको कामासाठी देशोदेशी फिरत राहिली. तिच्या गाण्यांत मूल आणि आई वारंवार येतात, ते इथून.

गाण्याची पहिली तबकडी 1965ची, लंडनमधली. एका बाजूला गॉर्डन लाइटफुटचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला जिमी पेजनं केलेलं एक. हाच पेज पुढे लेड झेपलिन या बँडचा गिटारवादक. तबकडी चालली नाही. मग न्यूयॉर्क आणि अँडी वॉरहॉल हा चित्रकार. वॉरहॉलच्या मंडळींना 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा बँड सापडला होता: लू रीड, जॉन केल, स्टर्लिंग मॉरिसन, मो टकर. संगीत अफाट, पण समोर बघावं असं कोणी नाही, असं त्या मंडळींना वाटलं आणि त्यांनी नीकोला पुढे उभं केलं. बँडला ती नको होती. शेवटी तडजोड झाली आणि ती अल्बमच्या नावातच कोरली गेली: 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड नीको'. त्या मधल्या 'अँड'कडे बघा. बँड वेगळा, ही वेगळी. अकरा गाण्यांपैकी तीन तिच्या वाट्याला आली. मार्च 1967ला अल्बम आला, वेष्टनावर वॉरहॉलनं काढलेलं केळं घेऊन.

म्हणजे "चेहऱ्यासाठी घेतलंय" हे वाक्य तिच्या बाबतीत खरंच होतं. घेतलं चेहऱ्यासाठीच. ते लपवण्यात अर्थ नाही, तुमच्या बाबतीत तसं झालं असलं तरीही. कोणी कशासाठी घेतलं हा त्यांचा हिशेब असतो. तिथं उभं राहून तुम्ही काय गायलात, ते तेवढं तुमचं.

आता त्या काळातलं तिचं गाणं ऐका. रंगमंचावर ती पांढऱ्या कपड्यांत जवळजवळ न हलता उभी राहायची. लोकांना ते गूढ वाटायचं. पण तुम्ही मॉडेल आहात, तुम्हाला ठाऊक आहे की कडक दिव्यांखाली, शंभर डोळ्यांसमोर निश्चल उभं राहणं ही कमावलेली गोष्ट आहे. बहुतेक गायकांना ती आयुष्यभर जमत नाही, हात कुठं ठेवायचे हेच कळत नाही. ते भांडवल तिच्याकडे होतं, तुमच्याकडेही आहे. अडचण कानाची होती. बँड प्रचंड मोठ्यानं वाजवायचा, आणि तिला एका कानानं नीट ऐकू येत नसे, असं तिच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितलंय. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला नाही तर भल्याभल्यांचा सूर उतरतो. मांडवातल्या कर्ण्यांच्या गदारोळात मी मुरलेले कीर्तनकार अर्ध्या सुरानं घसरलेले ऐकले आहेत. त्यांना कोणी "गाता येत नाही" म्हणत नाही.

आणि त्याच अल्बममधलं 'ऑल टुमॉरोज पार्टीज' ऐका. केल पियानोवर तेच ते सूर ठोकत राहतो. लू रीडच्या गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुराला मिळवलेल्या आहेत. म्हणजे गाण्याखाली अखंड आधारस्वर आहे. त्यावर नीको जे उभी राहते, त्याला मी तरी हरकत घेणार नाही. सूर लागतो, टिकतो, हलत नाही. तिला बँड नको होता, तंबोरा हवा होता.

हे मी उगाच जोडत नाही. जॉन केल त्याआधी ला माँट यंग या संगीतकाराबरोबर वाजवायचा. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचाच थोडा मोठा भाऊ; त्याच्या तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात तो घासून सपाट करायचा, म्हणजे तीन तारा एकदम वाजतात, आणि एकेक नाद तासन् तास धरायचा. यंगला या नादाचं वेड लागलं त्यात सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांच्या रेकॉर्डवर ऐकलेल्या तंबोऱ्याचा मोठा वाटा होता. पुढे 1970 पासून तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवते, अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात, तिथले तंबोरे करणारे कारागीर आठवतात. नीको त्या तंबोऱ्यांपर्यंत कधी आली नाही. पण तिच्या पाठीमागे जो नाद होता त्याचं एक मूळ आपल्याकडचं आहे.

1967च्या शेवटी तिचा एकटीचा अल्बम आला, 'चेल्सी गर्ल'. गाणी रीडची, केलची, बॉब डिलनची, कोवळ्या जॅक्सन ब्राऊनची. दहांत फक्त एका गाण्याच्या रचनेत तिचं नाव आहे, तेही तिघांत. वर निर्मात्यानं तिला न विचारता व्हायोलिन आणि बासरी चढवली. तिला ढोल आणि गिटार हव्या होत्या, साधेपणा हवा होता. तयार अल्बम ऐकून ती बासरीमुळे रडली, असं तिनं पुढे सांगितलं. ऐकायला तो अल्बम गोड आहे, बऱ्याच लोकांना तोच आवडतो. मला मात्र तो ऐकताना कायम वाटतं की कोणीतरी तिला पुन्हा एकदा नेसवून, सजवून उभं केलंय.

इथून खरी गोष्ट सुरू होते. डोअर्स या बँडचा गायक जिम मॉरिसन यानं तिला सांगितलं की स्वतःची गाणी लिही, स्वप्नं लिहून काढ. तोवर तिनं एकटीनं गाणी लिहिली नव्हती. इंग्रजी तिची चौथी-पाचवी भाषा. तिनं लिहायला सुरुवात केली आणि एक पायपेटी घेतली. वाजवायला कोणी शिकवलं नाही. केस रंगवले, पांढरे कपडे टाकून काळे घातले. ज्या रूपावर तिचं पोट चाललं होतं ते तिनं जाणूनबुजून झाकलं.

पेटीच का, हे मला पेटीवादक म्हणून सांगता येईल. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. पायपेटीत दोन्ही हात मोकळे. डाव्या हातानं खर्ज धरायचा, उजव्यानं गाण्याचे सूर चालवायचे. म्हणजे आधारस्वरासाठी तिला आता कोणाकडे मागायला जायला नको. शिवाय पेटी अंगाजवळ असते. तिचा नाद लाकडातून हातांत, छातीत येतो. कान अधू असला तरी सूर अंगाला कळतो. बँडच्या गोंगाटात घसरणारी तीच बाई पेटीशी बसली की घसरत नाही, त्याचं माझ्या लेखी कारण हे आहे. आणि आपल्याकडे पेटीवर मोठा आक्षेप कोणता? मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. नीकोला मींड नकोच होती. तिचा स्वर सरळ लागतो, लांबतो, कंप घेत नाही, आणि पुढच्या स्वरावर पायरीसारखा जातो. गळा आणि वाद्य इतके एका स्वभावाचे मी क्वचितच ऐकलेत.

1968च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिसमध्ये 'द मार्बल इंडेक्स' ध्वनिमुद्रित झाला. आठ गाणी, सगळी तिची, जेमतेम अर्ध्या तासाची. बाकीची वाद्यं रचली केलनं, आणि त्याला मोठी अडचण आली ती म्हणजे तिची पेटी कोणत्याच वाद्याशी जुळत नव्हती. मला याचं नवल वाटत नाही. पेटीचा सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. धूळ बसली, पितळ थकलं की आपोआप हलतो, आणि साठ सूर साठ दिशांना हलतात. गिटार पेटीला मिळवता येते, पेटी गिटारला ऐन वेळी मिळवता येत नाही. केलनं आधी तिचं गाणं आणि पेटी घेतली आणि मग बाकी सगळं त्याभोवती उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा बाकीच्यांना तिच्या पट्टीत यावं लागलं. 'फ्रोझन वॉर्निंग्ज' हे गाणं हेडफोन लावून ऐका, कळेल.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. ती हे करत होती तेव्हा आपल्या आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. 1940 साली घातलेली ती बंदी उठायला 1971 उजाडलं. परकं वाद्य, ठरीव सुरांचं, आपल्या गाण्याला अपुरं, असा ठपका होता. ज्या घरांत नाटकाची पदं पेटीशिवाय कोणी ऐकली नव्हती, त्या घरांतल्या रेडिओवर पेटी नाही. आमच्या गुरुजींनी तो काळ सोसला होता. त्यामुळे "हिला गाता येत नाही" असं कोणी ठामपणे म्हणालं की मला ती बंदी आठवते.

त्यानंतर 1970चा 'डेझर्टशोअर' आला. माझ्या मते तिचं सर्वांत चांगलं काम हेच. त्यातलं 'म्युटरलाइन', म्हणजे आईसाठीचं जर्मन गाणं, मी विद्यार्थ्यांना खर्ज कसा भरावा हे कळावं म्हणून ऐकवतो. शब्द कळत नाहीत, कोणी तक्रार करत नाही. 1974 साली 'दि एंड' आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रान्समधल्या रँसच्या पुरातन कॅथीड्रलमध्ये ती पेटी घेऊन गायली.

पण तिचं आयुष्य तुमच्यापुढे आदर्श म्हणून ठेवायला माझा हात धजत नाही. हेरॉइननं तिची पंधराएक वर्षं खाल्ली. कार्यक्रम व्हायचे ते पुष्कळदा पुढच्या पुडीच्या पैशासाठी. मँचेस्टरमध्ये राहून, भाड्याच्या गाडीतून, बदलत्या वादकांबरोबर ती युरोपभर फिरली. सोबतच्यांनी तिच्या तोंडची वंशद्वेषी बोलणीही नोंदवून ठेवली आहेत. ती ऐकून मला त्रास झाला, आणि कलाकार मोठी म्हणून ती गाळणं मला पटत नाही. मधल्या काळात तिची पेटी चोरीला गेली. वाद्य जाणं म्हणजे काय, हे वादकालाच कळतं. पॅटी स्मिथ या गायिकेनं पॅरिसमध्ये तिला दुसरी घेऊन दिली. नीकोच्या साऱ्या चरित्रात मला सर्वांत जवळची वाटते ती ही घटना.

शेवटची दोन-तीन वर्षं ती सावरत होती. हेरॉइन सुटत आलं होतं, सायकल चालवायची. 6 जून 1988ला बर्लिनच्या तारांगणात तिचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याचं ध्वनिमुद्रण मिळतं. आवाज थकलेला आहे, पण उतरलेला नाही. पुढच्याच महिन्यात इबिझा बेटावर भर उन्हात सायकलवरून जाताना ती कोसळली. एका टॅक्सीवाल्यानं तिला दवाखान्यात नेलं. उष्माघात समजून उपचार झाले, प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. 18 जुलैला ती गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी. बर्लिनच्या ग्रूनेवाल्डच्या जंगलातल्या दफनभूमीत आईच्या शेजारी तिला पुरलं, आणि मित्रांनी टेपवर तेच 'म्युटरलाइन' लावलं.

आता तुमचा आवाज. जाड, खालचा आवाज हा दोष नाही. गंगूबाई हनगलांचा आवाज घशावरच्या उपचारांनंतर कायमचा भारी झाला, आणि त्यांनी तो पातळ करायचा प्रयत्न केला नाही. त्या आवाजाला शोभेल अशी पट्टी घेतली, तसे राग घेतले. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या गाण्याच्या तुकड्यात मला जे ऐकू आलं ते एवढंच की गाणं तुमच्यासाठी चढं आहे. बँडनं मूळ गाण्याची पट्टी तशीच ठेवली आहे, कारण गिटारवाल्याला ती सोयीची. गिटारवाले पांढरी तीन आणि पांढरी सहा (त्यांच्या भाषेत ई आणि ए) सोडायला नाखूष असतात, मोकळ्या तारा तिथं वाजतात. त्यांच्या सोयीसाठी तुम्ही वर ताणताय, गळा आवळला जातोय, आणि लोकांना वाटतंय की मुलीला गाता येत नाही.

महिनाभर बँडबरोबर गाऊ नका. सकाळी तंबोऱ्याचं अ‍ॅप लावा, जमलं तर कोणाची तरी जुनी पेटी आणा, आणि एकाच सुरावर 'आ'कार धरा. श्वास संपेपर्यंत, जोर न लावता. कोणत्या सुरावर छाती भरल्यासारखी वाटते ते शोधा; एक-एक पट्टी खाली उतरत जा. नीकोसारखं गायचा प्रयत्न मात्र अजिबात करू नका. तो जर्मन उच्चार, ती थंड लांबण तिची होती, तुमच्या तोंडी ती नक्कल होईल. कार्यक्रमात तुमचा आवाज तुम्हाला ऐकवणारा मॉनिटर तुमच्या समोर असल्याशिवाय गायला सुरुवात करू नका. ध्वनिवाला टाळाटाळ करेल, तरी हट्ट धरा. आणि बँडच्या पुढच्या बैठकीला स्वतःचं एक गाणं घेऊन जा, चार ओळींचं असलं तरी चालेल, मराठीत असलं तर उत्तमच.

महिन्यानं तुमचा षड्ज, म्हणजे सा, कुठं बसतो ते मला कळवा. पांढरी तीनच्या खाली गेला तर गिटारच्या तारा दोन पट्ट्या उतरवाव्या लागतील, आणि मग त्या सैल पडून खरखरतात. गिटारवाल्याला आत्तापासूनच जाड तारांचा संच आणून ठेवायला सांगा.